कॉम्प्युटर मिळालं का हो?

दार लोटून घ्या, मग सांगते. आमच्याकडे भिंतींना कान आहेतच, पण हल्ली त्या कानांना कटऑफही पाठ असतात.

बातमी अशी, की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुणी कुणाची तब्येत विचारेनासं झालंय. जुलै उजाडला की जिन्यात, रिक्षाच्या रांगेत, भाजीच्या गाडीपाशी, श्रावणात मंगळागौरीच्या फुगड्या घालतानासुद्धा एकच प्रश्न: "कॉम्प्युटर मिळालं का हो?" मिळालं म्हटलं तर पेढे. "आयटी मिळालं" म्हटलं तर "तेही चांगलंच की," एवढ्यावर भागतं. आणि उत्तर "मेकॅनिकल" असं आलं, तर समोरची बाई आवाज खाली आणते, आपला हात हातात घेते आणि विचारते, "अजून राउंड आहेत ना?" गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर एका घरात इतकी माणसं धीर द्यायला येऊन गेली, की दूधवाल्याने दोन दिवस घंटाच वाजवली नाही. मुलाला प्रॉडक्शन मिळालं होतं.

खरं तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं म्हणजे तीन तऱ्हा. उल्हासनगर १९४९ साली फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांच्या छावण्यांतून उभं राहिलं. पत्ता आजही कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. तिथे जीन्स शिवतात, फर्निचर घडवतात, आणि मुलगा मिसरूड फुटायच्या आत गल्ल्यावर बसून हिशेब शिकतो. अंबरनाथकडे शिलाहारांचं शिवमंदिर, ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोच्या आगपेट्यांची आठवण आणि एमआयडीसी. तिथे एकेकाळी दहावी, आयटीआय, फिटर नाहीतर टर्नर, मग अप्रेंटिस, मग क्वार्टर, असा आयुष्याचा सरळ रूळ होता. "ऑर्डनन्समध्ये आहे" एवढं कळलं की मुलीचे वडील पत्रिका मिटून ठेवायचे. आणि बदलापूर? ते जांभळांचं, आणि ज्यांना डोंबिवली परवडली नाही त्यांचं.

या तिघांचं आजवर कशावर म्हणून एकमत झालेलं नाही. बदलापूरहून भरून आलेल्या लोकलच्या डब्यात अंबरनाथकराला पाय ठेवू देत नाहीत, आणि उल्हासनगरकर तर डब्याकडे नुसता बघून घेतो. पण कॉम्प्युटरचं नाव काढा. दुकान, कारखाना आणि जांभूळ, तिघं एका पंगतीला.

आता परीक्षेची गंमत ऐका. एमएचटी-सीईटी म्हणतात तिला. दीडशे प्रश्न, तीन तास, दोनशे मार्क. पहिली नव्वद मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री, पन्नास-पन्नास प्रश्न, एकेका मार्काचे. पुढची नव्वद मिनिटं गणित, पन्नास प्रश्न, दोन-दोन मार्कांचे. अकरावीचा अभ्यासक्रम अंदाजे वीस टक्के, बाकी सगळी बारावी. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत भल्याभल्यांच्या मुलांना देव आठवतो आणि देव बहुधा 'सी' पर्याय सांगतो.

बरं, यात कॉम्प्युटरवर किती प्रश्न? एकही नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची, कॉम्प्युटरसाठी द्यायची आणि कॉम्प्युटरबद्दल अवाक्षर काढायचं नाही! बेंझीन आहे, फिरत्या तबकडीची जडत्वाची गणितं आहेत, पृष्ठताण आहे. बारावीच्या गणिताच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण तेवढं तर्कशास्त्राचं, 'आणि', 'किंवा', 'जर-तर' यांचं. उद्या हा मुलगा ज्या यंत्राशी बोलणार त्याची भाषा नेमकी तीच. तर क्लासचे सर म्हणतात, "हे फुकटचे मार्क, घरी बघून घ्या," आणि फळा पुसून इंटिग्रेशनला लागतात.

याच्यापुढची गोष्ट तर मी कानात सांगते. आपल्याकडे अकरावी-बारावीला बायफोकल नावाचा प्रकार आहे. एक भाषा आणि जीवशास्त्र बाजूला ठेवून दोनशे मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स घेता येतं. त्यात सी प्लस प्लस, एचटीएमएल, डेटा स्ट्रक्चर, मायक्रोप्रोसेसर, नेटवर्किंग असं खरोखरीचं काही शिकवतात. दहावीनंतर हे बायफोकल मिळावं म्हणून आईबाप जिवाचं रान करतात. ते मिळालं, पेढे वाटले, की दिवाळीच्या आत त्याच मुलाला दम मिळतो: "त्या प्रोग्रॅममध्ये वेळ घालवू नकोस, सीईटीला नाही ते!" एका घरात तर मुलगा रात्री अकराला सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम करताना पकडला गेला. आईने लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. कॉम्प्युटरला जाणाऱ्या मुलाला कॉम्प्युटरपासून वाचवलं बिचारीने.

बोर्डाची परीक्षा आठवते का? तीच, जिच्यासाठी आपण लिंबाएवढं तोंड करून बसायचो. ती आता फक्त उंबरठा. इंजिनिअरिंगला तिन्ही विषय मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के पुरतात. म्हणून कॉलेजात नाव एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे, याला म्हणायचं इंटिग्रेटेड. सकाळी सातला कल्याण, डोंबिवली नाहीतर ठाणे, आणि संध्याकाळी घराजवळच्या एसी अभ्यासिकेत भाड्याची खुर्ची. घरात तीन खोल्या, एक टेबल, एक आजी. तरी खुर्ची भाड्यानेच हवी. म्हणे घरात 'वातावरण' होत नाही. क्लासच्या फी लाखांत बोलतात आणि हप्त्यांत भरतात. निकालानंतर स्टेशनाबाहेर फलक लागतात, हार घातलेल्या मुलांच्या फोटोंचे. आता मी नाव घेत नाही, पण एकच मुलगा एकाच रस्त्यावर दोन क्लासांच्या फलकांवर हसताना दिसला, तर तो जुळा आहे असंच आपण समजायचं.

आणि पर्सेंटाइल! अख्खी पिढी टक्क्यांवर वाढलेली, तिच्या डोक्यात हे शिरता शिरत नाही. बाजूच्या विंगमधल्या काकांनी नातवाला ८८ पर्सेंटाइल मिळाल्यावर "फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन" म्हणून स्टेटस ठेवलं. दोन तासांत पाचजणांनी खासगीत सांत्वन केलं तेव्हा त्यांना समजलं. हिशेब साधा आहे: पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शंभरातले किती. पीसीएम गटाला चार लाखांवर मुलं बसतात. म्हणजे ९९ पर्सेंटाइल आलं तरी पुढे चार हजारांवर पोरं उभी, आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधलं कॉम्प्युटर त्यांच्यातच संपून जातं. बदलापूर फास्टमध्ये उभं राहायची सवय असलेल्याला हे पटकन समजतं. डबा भरलाय, तुम्ही फलाटावर कितीही पुढे उभे असा.

शिवाय परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि मार्क मग एका पातळीवर आणले जातात. त्यामुळे चर्चेला नवं खाद्य: "तुमच्या ताईची शिफ्ट सोपी होती हो." हे वाक्य मे महिन्यात ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात पूर्वी "तुमच्याकडे पाणी चोवीस तास येतं हो" म्हणायचे. २०२५ साली तर कहरच झाला. २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या पन्नासपैकी २१ प्रश्नांत घोळ निघाला. इंग्रजी पेपरातले पर्यायच चुकलेले. सत्तावीस हजारांवर मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घेतली. ज्यांची मुलं त्या सत्रात होती त्या आया आठवडाभर डोक्याला रुमाल बांधून, आणि ज्यांची नव्हती त्या जास्त अस्वस्थ: "म्हणजे यांना दोनदा संधी?" आता २०२६ पासून सगळ्यांनाच दोनदा बसता येईल असं जाहीर झालंय. झालं. जे रडणं वर्षात एकदा उरकायचं, त्याचे दोन प्रयोग.

परीक्षेला कंटाळलेल्यांसाठी बीसीएची गल्ली होती. निवांत, सावलीची. २०२४ साली तिथेही सीईटी आली, बीसीए, बीबीए, बीएमएस सगळ्यांना एका दावणीला. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, आणि त्यात कॉम्प्युटरचे प्रश्न आहेत बरं का! इंग्रजी आणि रीझनिंग यांनी ताट भरलेलं, कडेला चटणीएवढे कॉम्प्युटरचे. मग काय झालं ठाऊक आहे? मुंबई विद्यापीठातल्या कित्येक कॉलेजांनी बीएमएसचं नाव पालटून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं. नाव बदललं, सीईटी टळली. इकडे जागा इतक्या रिकाम्या राहिल्या, की त्याच वर्षी जादाची सीईटी घ्यावी लागली. उल्हासनगरातल्या एका दुकानदार काकांनी हे ऐकून हात जोडले. "लेबल बदलून माल विकायचा, आणि बदनाम आमचा कॅम्प?" 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्या माणसाने जन्मभर ऐकून घेतलेला. त्याचा तो दिवस सोन्याचा होता.

पण खरी मजा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मची. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! लग्नाच्या याद्या एवढ्या लांब नसतात. ज्या बाईला आयुष्यात गॅसचं बुकिंग फोनवर जमलं नाही, ती आता फाडफाड बोलते: "आमचं जीओपनएचला तीन दशांशाने गेलं, एलओपनएसला बसलं असतं, पण मुलगा पडला ना!" मुलगा झाला म्हणून हळहळणारी आई मी पहिल्यांदा पाहिली. जीओपनएच म्हणजे खुला प्रवर्ग, आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतला. एलओपनएस म्हणजे मुलींची खुली जागा, राज्य पातळीवरची. हे मी विचारलं नव्हतं, मला सांगितलं गेलं, लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा. ती आठव्या मजल्यावर कळली असती.

उल्हासनगरच्या पंगतीत वेगळीच यादी फिरते. चेंबूरचं व्हीईएसआयटी आणि वांद्र्याचं थडोमल शहानी ही सिंधी भाषक अल्पसंख्याक कॉलेजं, तिथे सिंधी मुलांसाठी जागा राखून असतात. त्यामुळे जूनमध्ये शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय, ते बघायला कपाटं उपसली जातात. ज्या नातवाने दादीच्या सिंधीला अठरा वर्षं इंग्रजीत उत्तर दिलं, तो तिच्या शेजारी बसून दाखला दोन्ही हातांनी धरतो. दादी सोडते होय? आधी सिंधीत जेवायला मागायला लावते, मग पेटी उघडते.

बदलापूरकर मात्र पर्याय लावतो तो रेल्वेच्या नकाशावर. सायनचं सोमय्या? स्लो पकडावी लागेल. चेंबूर? कुर्ल्याला हार्बर बदला. अंधेरीचं सरदार पटेल? घाटकोपरला उतरून मेट्रो, म्हणजे दोन्ही वेळचं धरून दिवसाचे चार तास गेले. कर्जतच्या दिशेचं कॉलेज? सकाळी खिडकी मिळते! हे शेवटचं ऐकून घरातले पुरुष गप्प होतात. वीस-वीस वर्षं पास काढलेल्या माणसाला खिडकी हा शब्द सहन होत नाही. आणि घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेलं कॉलेज यादीत कितवं? शेवटून दुसरं. घरी जेवायला येता येत असेल तर ते शिक्षण कसलं?

शाखांच्या नावांवर तर स्वतंत्र कीर्तन होईल. आपल्या वेळी कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर. आता एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, आणि एक तर 'इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी'. ही एक शाखा आहे, चार नाहीत! २०२४पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा काढली आणि जिथे पूर्वी लेथ मशीन घरघरायचं तिथे कॉम्प्युटरच्या नव्या तुकड्या बसू लागल्या. अंबरनाथच्या एका निवृत्त फिटर काकांनी ती लांबलचक शाखा तीनदा म्हणवून घेतली आणि विचारलं, "पण पोरगं करणार काय?" कुणालाच सांगता येईना. मग सगळ्यांनी त्यांना चहा दिला.

त्यात जुलै २०२५ला काय व्हावं? नेमकी प्रवेशाची धामधूम, आणि टीसीएसने बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. मला वाटलं, आता तरी वारं फिरेल. कुठलं काय! संध्याकाळी गच्चीवर तातडीची सभा भरली. एक काका म्हणाले, "एआय नोकऱ्या खातोय." सगळे गंभीर. दुसऱ्या क्षणी एक काकू म्हणाल्या, "मग एआयच घेऊ या ना!" त्या रात्री आमच्या इमारतीत तीन फॉर्मांवरचा क्रम बदलला. वाघ येतोय म्हटल्यावर वाघाच्याच कळपात नाव घालणारी माणसं आम्ही.

आता तुम्ही म्हणाल, हे वेड आलं कुठून? सगळे पगाराकडे बोट दाखवतात. माझा संशय वेगळाय. २०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. सर्वसामान्यांना मर्यादित वेळेत डब्यात शिरायला २०२१चा फेब्रुवारी उजाडला, आणि दुसऱ्या लाटेत ते दार पुन्हा बंद झालं. त्या काळात बदलापूरहून मुंबईपर्यंत एसटीने, बसने, मिळेल त्या वाहनाने जाणारी नर्स, बँकेचा शिपाई, पालिकेचा कामगार आम्ही पाहिला. कारखाना थांबला म्हणून घरी बसलेला ऑपरेटर पाहिला. दुकानाचं शटर खाली आणि भाडं वर, असा व्यापारी पाहिला. आणि चौथ्या मजल्यावर बाल्कनीत लॅपटॉप मांडून, वर शर्ट खाली बर्म्युडा घालून, महिनाअखेरीस पूर्ण पगार घेणारा एक मुलगा पाहिला. सगळ्या इमारतीने पाहिला. त्या मुलाने चहा पिताना "मीटिंग आहे" म्हणून हात वर केला, तेव्हाच तिन्ही गावांच्या आईबापांचं ठरलं. यांना संगणकशास्त्राशी काडीचं देणंघेणं नाही. यांना पोराला सकाळच्या डब्याच्या दारात लटकताना बघायचं नाहीये, एवढंच. ते उघड बोलता येत नाही, म्हणून ब्लॉकचेन म्हणायचं.

त्यात हसण्यासारखं काही नाही म्हणा. पण मला हसू येतं ते याचं, की घरी बसून काम करता यावं म्हणून मुलाला आधी चार वर्षं रोज चार तास लोकलमध्ये कोंबायचं, आणि त्याच्याआधी दोन वर्षं पहाटे कल्याणला धाडायचं. तोवर बहुतेक कंपन्यांनी पुन्हा ऑफिसात बोलावणं धाडलेलं असतं. चौथ्या मजल्यावरचा तो मुलगा? आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीला जातो. लटकत.

बरं, आता खरी भानगड सांगते, ज्यासाठी दार लावायला सांगितलं. कुणाला बोलू नका. आमच्याच इमारतीतली एक मुलगी सिव्हिल घेतेय. मार्क कमी पडले म्हणून नव्हे हो! चांगले ९६ पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटर कुठेतरी नक्की मिळालं असतं. स्वतःहून, पहिल्या क्रमांकावर, सिव्हिल! पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला की तो आपोआप पक्का होतो, मागे फिरायची सोय नाही. आणि तिला पहिलाच लागला.

इमारत हादरलीय. पाचव्या मजल्यावरच्या काकू समजवायला गेल्या, मग त्यांचे यजमान गेले, मग सेक्रेटरी गेले. आईचा चेहरा पाहवत नव्हता म्हणे. तर ही पोरगी शांतपणे सांगते, की २००५ साली, २०१९ साली, २०२१ साली उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घरांत शिरलं. २०१९ला तर वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. पूररेषा म्हणजे काय आणि तिच्यात इमारती उभ्या कशा राहतात, ते मला शिकायचंय. पुढे म्हणते, उल्हासनगरात अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ साली वेगळा कायदा करावा लागला, मग त्या इमारतींचे स्लॅब तपासणार कोण, ब्लॉकचेन? एवढं बोलते हो. वय वर्षं अठरा.

सेक्रेटरींनी पाऊण तास तिला भविष्य समजावलं. सिव्हिलला उन्हात उभं राहावं लागतं, मुलीच्या जातीला साइटवर काय काम, पॅकेज किती, सगळं. ती ऐकून घेत होती. शेवटी ते उठले, चपला घातल्या, दारात थांबले आणि विचारते झाले, "ते जाऊ दे. आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरलीय दोन वर्षं. तीन प्लंबर येऊन गेले. जरा बघून सांगशील का?"